पेवात ओतलेले बेणे

एकदा एका नदीकाठच्या हळदीच्या पेठेत एक वृद्ध व्यापारी राहत होते. उमेदीच्या काळात त्यांनी मोठा व्यापार केला आणि उतारवयात तो मुलांच्या हाती सोपवून ते इतरांना व्यापार शिकवू लागले. सारी पेठ त्यांना आप्पा म्हणत असे.

त्या पेठेत हळद कोठारात ठेवत नसत, जमिनीच्या पोटात ठेवत. त्यासाठी पेव खणलेले असे. पेवाचे तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढे, पण आतले पोट घराएवढे. तळाला आणि भिंतींना वाळला पाला लावायचा, शिजवून वाळवलेली हळद आत ओतायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि मातीने लिंपून टाकायचे. आत कीड शिरत नाही, ओल शिरत नाही. एक वर्ष ठेवा की पाच वर्षे ठेवा, हळद जशीच्या तशी. भाव आला की दगड उचलायचा.

आप्पांची कीर्ती त्या दगडावर उभी होती. एका वर्षी हळदीचा भाव असा कोसळला की लोक मिळेल त्या किमतीला माल काढू लागले. तेव्हा आप्पा पेठेच्या मध्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "दगड उचलू नका." लोक तीन वर्षे थांबले. चौथ्या वर्षी भाव आला, आणि पेठ तरली. त्या दिवसापासून आप्पांचा शब्द म्हणजे शास्त्र झाले.

इथवर सारे ठीक होते. परंतु माणूस एका गोष्टीत बरोबर ठरला की त्याला सगळ्याच गोष्टी विचारायच्या, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. आणि विचारल्या की सांगत सुटायचे, ही त्याहून जुनी. लोक आप्पांना हळदीबरोबर मुलांची लग्ने विचारू लागले, भावाभावांची भांडणे विचारू लागले, आयुष्य कसे जगावे तेही विचारू लागले. आप्पांनी व्यापाराचेच नियम आयुष्याला लावून दिले. आपले बळ ओळखा. आपले उणे ओळखा. समोरच्याची चाल बघा. आणि काही झाले तरी दगड लवकर उचलू नका. प्रत्येकाने आपल्या आयुष्याचा वीस वर्षांचा आराखडा कागदावर मांडावा, असा त्यांचा आग्रह असे. पेठेतल्या एका बड्या व्यापाऱ्याने तर पन्नाशीत दुसरे दुकान, पंचावन्नाव्या वर्षी माडी आणि साठीनंतर बायकोशी निवांत बोलणे, असे क्रमवार लिहून भिंतीला लावले होते. बायको रोज तो कागद पुसून साफ ठेवत असे.

आप्पांकडे शिकायला दोघे जण होते. एक थोरला शिष्य. तो आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. आता चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. दुसरी एक तरुण शिष्या. पाच वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी तिला आप्पांच्या ओसरीवर आणून उभे केले, आणि "आप्पा सोडतील तेव्हाच निघायचं" असा शब्द तिच्याकडून घेतला. मुलगी डोक्याने तल्लख आणि जिभेने तिखट होती. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून ते नीट शिजले आहे की कच्चे, हे ती पाठमोरी बसून सांगत असे. पेठेतली जुनी माणसेसुद्धा शंका आली की हळकुंड घेऊन तिच्याकडे येत. ती सांगे, ती माणसे मान डोलावीत, आणि जाताना आभार मात्र आप्पांचे मानीत.

चैत्र सरत आला होता. पेवे भरायचे दिवस. एका सकाळी पैलतीरावरच्या वस्तीतल्या तीन बायका नावेतून उतरल्या आणि आप्पांच्या ओसरीवर न जाता थेट हळद निवडत बसलेल्या शिष्येपाशी आल्या. त्या बायका दरवर्षी हळद शिजवायच्या कामाला या काठावर येत. पोळलेले हात आणि पिवळी नखे घेऊन परत जात.

त्यांच्यातली वयाने मोठी म्हणाली, "ताई, आम्ही पंधरा जणींनी मिळून नदीकडेची पट्टी कसायला घेतली हाय. एका वर्साच्या बोलीवर. ह्या साली पीक निघालं तर म्होरं चालू, नाय तर मालक दुसऱ्याला देणार."

"मग लावा की. पिकवायला तुमच्याइतकं कोणाला येतं?"

"पिकवू गं. शिजवू बी. पर माल पारखायचा, पेठेत हुभं राहून बोलायचं, त्ये आमाला कुठं येतंय? आमचं तोंड बघूनच भाव पाडत्यात. तू ये. मजुरीनं नगं, आमच्यातली हो. सोळावी."

"कधीपर्यंत सांगू?"

"अक्षय तृतीयेला लागण. त्याच्या आधी सांग म्हंजे झालं."

अक्षय तृतीयेला सहा दिवस उरले होते. शिष्येने त्या रात्रीच्या जेवणाचीही वाट पाहिली नाही. हात धुतले आणि ती आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

आप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग तिला समोर बसवून बोटांवर मोजू लागले. "तुझं बळ काय? पारख. मान्य. तुझं उणं काय? वय, आणि हे तापट डोकं. समोर काय आहे? पंधरा अडाणी बायका, परक्याची जमीन, एका वर्षाची मुदत. पोरी, तूच सांग, कोणता शहाणा व्यापारी यात हात घालील?"

"मी व्यापार करत नाही आहे आप्पा, मी माझं आयुष्य ठरवते आहे."

"तेच तर शिकवतोय. आयुष्य हाच सर्वांत मोठा व्यापार. अजून तीन वर्षं थांब. नाव होऊ दे. मग लोक तुला बोलवायला येतील."

"लोक आत्ताच आलेत. सकाळी. नावेतून."

"जमिनी काय, पुष्कळ मिळतात."

"आणि बायका?"

आप्पा हसले. "अगं, बायका कुठे जातात?"

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. उत्तर जिभेवर आले होते. पण ते दिले असते तर आप्पांनी 'हे बघ, तापट डोकं' एवढेच म्हटले असते. वडीलधाऱ्यांची ही सोय फार चांगली असते. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांचे पटले, आणि चिडलात तर त्यांचे सिद्ध झाले.

ती उठून परसात गेली. तिथे थोरला शिष्य पेवासाठी पाला निवडत बसला होता.

"दादा, तुम्ही कितव्या वर्षी जायचं विचारलं होतं?"

"पहिल्या वर्षी," तो म्हणाला. "मग दुसऱ्या वर्षी. मग सोडून दिलं."

"आप्पा काय म्हणाले?"

"अजून तुझं पेव भरायचंय, म्हणाले." तो पाल्यातली एक काडी बाजूला काढत म्हणाला, "रागावू नकोस. थांब की. मी नाही का थांबलो? काही बिघडलं का?"

तिने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या बोलण्यात कडूपणाचा लवलेश नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तो चांगला माणूस होता. बावीस वर्षांत त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता. आपलीही अशीच वाखाणणी होईल, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसले. रात्रभर तो राग तिच्या छातीत निखाऱ्यासारखा धुमसत राहिला. पण पहाटेपर्यंत तो नुसता राग उरला नव्हता, त्याचा विचार झाला होता.

चार दिवसांनी त्या बड्या व्यापाऱ्याचे पेव भरायचे होते. मानाचे काम. आप्पा खुर्ची टाकून बसले होते, पेठेतले दहा-वीस लोक भोवती उभे होते. पेवाचे तोंड आदल्या दिवसापासून उघडे ठेवून आतली कोंदट हवा बाहेर जाऊ दिली होती. मग कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही, तेव्हा एक हमाल आत उतरला. वरून टोपल्यांनी हळद ओतली जात होती आणि तो खाली ती पसरत होता. प्रत्येक टोपलीबरोबर पेवाच्या तोंडातून पिवळा धुरळा उठत होता.

आप्पा बोलत होते. "बघा. हा व्यापारी घाई करत नाही. भाव नाही तर नाही. लिंपून टाकील आणि स्वस्थ झोपेल. आयुष्यसुद्धा असंच..."

इतक्यात शिष्या आप्पांच्या परसातून आली. तिच्या कमरेवर टोपली होती. ती रांगेतल्या माणसांना ओलांडून पुढे झाली, पेवाच्या तोंडाशी वाकली आणि तिने टोपली पालथी केली.

आतून ओरडा आला. "आरं ए! डोक्यात काय टाकताय? ही हळद न्हवं! बेणं हाय ह्ये, कोंब आल्यालं! कुणाचं डोस्कं फिरलं?"

बेणे म्हणजे लागणीसाठी राखलेले गड्डे. आप्पांनी आपल्या मळ्यासाठी उत्तमातले उत्तम निवडून, सावलीत ढीग लावून, पाल्याने झाकून ठेवलेले. शिष्याच रोज त्यावर पाणी शिंपडत असे.

व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. "अहो, माझं पेव! नासवलं की हो सगळं!"

आप्पा खुर्चीवरून उठले. बावीस वर्षांत थोरल्या शिष्याने त्यांना असे ताडकन उठताना पाहिले नव्हते. "काय केलंस हे?"

"पेवात ठेवलं," शिष्या म्हणाली. "भाव येईपर्यंत थांबू दे."

"बेणं पेवात?"

"का नाही? तीन वर्षांनी काढू. जमिनी काय, पुष्कळ मिळतात."

"अगं मूर्ख मुली!" आप्पा कडाडले. त्यांच्या हातून आयुष्यभर जो कधी सुटला नव्हता, तो शांतपणा सुटला होता. "बेणं जिवंत असतं! शिजवलेली हळद थांबते, कारण आपण तिला काहिलीत उकळून तिचा कोंब मारलेला असतो. तिच्यात वाट बघणारं कोणी उरलेलंच नसतं, म्हणून ती पाच वर्षं थांबते. बेण्याला त्याचा महिना असतो. त्या महिन्यात मातीत गेलं तर एकाचे दहा होतात. नाही गेलं, तर ते अंधारातही कोंब काढतं, खायला काही नाही म्हणून स्वतःचंच अंग खातं, आतून पोकळ होतं आणि सडतं. शेजारच्या चांगल्या मालालाही सडवतं. थांबवून ठेवायचं असेल तर आधी शिजवून मारावं लागतं! पाच वर्षांत एवढंही कळलं नाही तुला?"

"कळलं," शिष्या म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता. "मग मला कुठल्या काहिलीत घालणार होतात, आप्पा?"

धुरळा हळूहळू खाली बसला. व्यापारी एकदा तिच्याकडे, एकदा आप्पांकडे पाहत होता. "म्हणजे काय म्हणायचंय हिला?" त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजाऱ्याला कळले होते. तो मान खाली घालून आपल्या वहाणांकडे पाहत राहिला.

पेवातून हमालाने विचारले, "आता ह्ये येचायचं, का वरनं हळद वतताय?"

आप्पा पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग म्हणाले, "दगडाचा नियम खोटा नाही."

"मी कुठे खोटा म्हणाले? हळदीला लावा. त्या वर्षी तुम्ही पेठ वाचवलीत, मी लहान होते, माझ्या घरातही त्यानेच चूल पेटली. पण त्यानंतर जो कोणी दारात आला, तो जिवंत आहे की शिजलेला, हे तुम्ही एकदाही पाहिलं नाही. हळकुंड तरी मोडून बघतो आपण. माणसाला तेवढंही नाही. दगड ठेवला, लिंपून टाकलं, आणि वर त्याला सांगितलं की हे तुझ्याच भल्याचं आहे."

कोणीतरी मागून म्हणाले, "वडील माणसाशी असं बोलतात का?"

"आधी कोणी बोललं असतं तर इतकी माणसं थांबून राहिली नसती, काका," ती मागे न पाहता म्हणाली.

आप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. त्यांचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसू लागला. "जा तू पैलतीरी," ते म्हणाले. "माझी परवानगी आहे. तुझ्या वडिलांना मी सांगेन."

"त्यांना सांगा. पण परवानगी मागायला मी आले नव्हते, आप्पा. सकाळच्या नावेनं निरोप धाडलाय मी. येते म्हणून."

आणि मग तिने पदर खोचला. व्यापाऱ्याकडे वळून ती म्हणाली, "तुमचं पेव नासणार नाही, शेठ. मी टाकलं, मी वेचते. एकसुद्धा गड्डा आत राहणार नाही." तिने हमालाला वर बोलावले आणि टोपली घेऊन ती स्वतः दोराला धरून आत उतरली.

आत उकाडा होता. हळदीचा वास नाकात, घशात, डोळ्यांत जाऊन बसत होता. ती गुडघ्यांवर बसली आणि चाचपून एकेक गड्डा वेचू लागली. कोरडी हळद हाताला खडखडीत लागे. बेणे मात्र जड, थंड, आणि त्याच्या अंगावर बोटाच्या पेराएवढे कोवळे टोक. अंधारात डोळे मिटूनही फरक कळत होता. दोन-तीन कोंब पडताना मोडले होते. ते हाताला लागले तेव्हा तिला वाईट वाटले, आणि राग पुन्हा उसळून आला. कारण हे कोंब तिनेच मोडले होते, आणि इतकी साधी गोष्ट सांगायला ते मोडावे लागायला नको होते.

वर गोल आभाळ दिसत होते, आणि त्याच्या कडेने माणसांचे आवाज उतरत होते. बराच वेळ नुसती कुजबुज होती. मग आप्पांचा आवाज आला. त्यांनी थोरल्या शिष्याला हाक मारली होती.

"इकडे ये. बस असा. तुला काय करायचं होतं रे?"

खाली शिष्येचा हात थांबला. तिला वाटले, तो म्हणेल, आता काय त्याचं, आप्पा. किंवा म्हणेल, आठवत नाही. चव्वेचाळीस वर्षांचा तो भला माणूस दुसरे काय म्हणणार?

परंतु उत्तर ताबडतोब आले. प्रश्न पुरता होण्याचीसुद्धा त्याने वाट पाहिली नसावी.

"तंबोरे करायचे होते," तो म्हणाला. "वरच्या गावात एक कारागीर होते, ते मला शिकवायला तयार होते. मोठा भोपळा हेरून ठेवला होता मी. डाग नसलेला, सारख्या गोलाईचा. छपराला टांगून वाळवला होता. टिचकी मारली की घुमायचा."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, आप्पा. दोनदा. तुम्ही थांब म्हणालात."

"आणि ते कारागीर?"

"गेले. वीस वर्षं झाली त्याला."

शिष्या पेवाच्या तळाशी, अंधारात, हातात एक ओला गड्डा धरून बसली होती. आणि तिच्या डोक्यावर, उजेडात, एक म्हातारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काहीही समजावून न सांगता नुसता ऐकत होता.

आपण घरातल्या कोणाला कधी 'थोडं थांब' असे सांगितले असेल, तर आज जेवायला बसण्यापूर्वी त्याला विचारावे, तुला काय करायचं होतं. आणि उत्तर ताबडतोब आले, तर उपदेश न करता मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकावे.